शोधनिबंधातले संदर्भ आणि संदर्भसूची: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

संशोधनपत्रिकेला निबंध पाठवताना सर्वांत जास्त वेळ खातात ते संदर्भ, आणि बहुतेक जण त्यांना हात घालतात शेवटच्या रात्री. इंग्रजी शैलीपुस्तिका ज्यावर फारसं बोलत नाहीत, म्हणजे मराठी साधनं, त्यांवर इथे भर दिला आहे. इंग्रजी नोंदींची उदाहरणंही देवनागरीत दाखवली आहेत. तुमच्या निबंधात ती अर्थातच रोमन लिपीत येतील.

कोणती शैली वापरायची?

शैली म्हणजे संदर्भ लिहिण्याचा ठरलेला साचा. पत्रिका सांगेल ती वापरा. ‘लेखकांसाठी सूचना’ वाचा आणि त्याच पत्रिकेच्या ताज्या अंकातला एक लेख शेजारी उघडून ठेवा. सूचनांचं पान कधी कधी वर्षानुवर्षं कोणी बदललेलं नसतं. छापलेला लेख खोटं बोलत नाही.

ढोबळमानाने समाजशास्त्रं, मानसशास्त्र आणि शिक्षणशास्त्रात एपीए (अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनची शैली) चालते, भाषा-साहित्यात एमएलए (मॉडर्न लँग्वेज असोसिएशनची), इतिहासात शिकागोची तळटीप पद्धत, अभियांत्रिकीत आयईईई आणि वैद्यकात व्हँकुव्हर. (वैद्यकीय पत्रिकांचे संपादक १९७८ साली कॅनडातल्या व्हँकुव्हर शहरात भेटले, त्यावरून हे नाव.) आवृत्तीही पाहा: एपीएची सातवी २०१९च्या अखेरीस आली, एमएलएची नववी २०२१मध्ये, शिकागोची अठरावी २०२४मध्ये. ग्रंथालयातली जुनी प्रत हाताशी धरून बसलात, तर प्रकाशनस्थळ लिहीत राहाल. एपीए सातव्या आवृत्तीने ते काढून टाकलं आहे.

सूचनांमध्ये नुसतं ‘हार्वर्ड’ असं लिहिलं असेल तर सावध व्हा. हार्वर्ड ही लेखक-वर्ष पद्धतीची (मजकुरात आडनाव आणि साल देण्याची) सैल ओळख आहे, तिची एकच अधिकृत पुस्तिका नाही. अशा वेळी छापलेल्या लेखाची नक्कल करणं हाच मार्ग.

एकच नोंद दोन शैलींत किती वेगळी दिसते?

रामन आणि कृष्णन यांचा १९२८चा लेख घेऊ. एपीएत:

रामन, सी. व्ही., व कृष्णन, के. एस. (१९२८). अ न्यू टाइप ऑफ सेकंडरी रेडिएशन. *नेचर*, *१२१*(३०४८), ५०१–५०२.

व्हँकुव्हरमध्ये:

१. रामन सीव्ही, कृष्णन केएस. अ न्यू टाइप ऑफ सेकंडरी रेडिएशन. नेचर. १९२८;१२१(३०४८):५०१-२.

पहिल्या नोंदीत वर्ष लेखकांच्या पाठोपाठ कंसात येतं, पत्रिकेचं नाव आणि खंड तिरका, अंक कंसात पण सरळ. दुसरीत आद्याक्षरांना टिंबं नाहीत, वर्ष पत्रिकेनंतर, अर्धविराम आणि अपूर्णविराम यांच्या आजूबाजूला मोकळी जागा नाही, आणि शेवटचं पान ‘५०२’ऐवजी ‘२’. व्हँकुव्हरमध्ये पत्रिकेचं नाव संक्षिप्त करतात, पण ते मनाने नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाच्या सूचीत पाहून. एकाच शब्दाचं नाव संक्षिप्त होत नाही, म्हणून ‘नेचर’ तसंच राहिलं.

मजकुरात निर्देश देताना किती लेखक लिहायचे?

निर्देश म्हणजे मजकुरातच दिलेली संदर्भाची खूण. एपीएत एक किंवा दोन लेखक असतील तर दोघांची आडनावं दर वेळी. तीन किंवा अधिक असतील तर पहिल्याच उल्लेखापासून पहिलं आडनाव आणि ‘व इतर’. संदर्भसूचीत मात्र वीस लेखकांपर्यंत सगळे लिहायचे. एकवीस किंवा जास्त असतील तर पहिले एकोणीस, मग तीन टिंबं, मग थेट शेवटचा. व्हँकुव्हर वापरणाऱ्या बऱ्याच पत्रिका पहिल्या सहानंतर ‘व इतर’ लावतात.

एकाच लेखकाची एकाच वर्षातली दोन कामं असतील तर २०१५अ, २०१५ब. अ कोणता आणि ब कोणता हे शीर्षकाच्या अक्षरक्रमाने ठरतं. तुम्ही कोणतं आधी वाचलं यावर नाही.

शब्दशः अवतरण दिलं की पानाचा क्रमांक हवाच. चाळीस किंवा जास्त शब्दांचं अवतरण अवतरणचिन्हं काढून, अर्धा इंच आत सरकवून वेगळ्या परिच्छेदात जातं. मराठी उतारा तुम्हीच इंग्रजीत आणला असेल, तर एपीए त्याला अवतरण न मानता सारांशलेखन मानते: अवतरणचिन्हं नकोत, निर्देश हवा. हा नियम फार थोड्यांना ठाऊक असतो, आणि त्यामुळे मूळ लेखकाच्या तोंडी कधी न बोललेली इंग्रजी वाक्यं जातात.

क्रमांक पद्धतीत तक्त्यातल्या संदर्भाला कोणता क्रमांक?

व्हँकुव्हरसारख्या क्रमांक पद्धतीत संदर्भांना मजकुरातल्या पहिल्या उल्लेखाच्या क्रमाने क्रमांक मिळतात. फक्त तक्त्यात किंवा आकृतीखाली येणाऱ्या संदर्भाचा क्रमांक, तो तक्ता मजकुरात पहिल्यांदा जिथे उल्लेखला आहे, त्या जागेवरून ठरतो. तक्ते फाइलच्या शेवटी असतात म्हणून लोक त्यांना शेवटचे क्रमांक देतात. मग ‘तक्ता १’ सहाव्या परिच्छेदात येतो आणि त्यातले संदर्भ ४१ ते ४६. परीक्षकाला हे पहिल्या नजरेत दिसतं.

मराठी नावं कशी उलटायची?

नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, आडनाव अशी आपली चाल असल्याने आडनाव पुढे आणि बाकीची आद्याक्षरं मागे, इतकं सोपं आहे. अडचण तिघांची होते.

पहिली, दाक्षिणात्य नावांची. ‘रामन’ हे आपल्या अर्थाने आडनाव नव्हे, तरी नोंद त्याखालीच लागते, कारण ते स्वतः नाव तसंच लिहीत. मागच्या आद्याक्षरांना आडनाव समजून ‘व्ही., आर. सी.’ असला प्रकार करू नका.

दुसरी, टोपणनावांची आणि कवींची. पुस्तकावर जे छापलं आहे ते लिहायचं. ‘कुसुमाग्रज’ छापलं असेल तर ‘कुसुमाग्रज’. शिरवाडकर हे आडनाव तुम्हाला माहीत आहे म्हणून ते नोंदीत घालायचं नाही.

तिसरी, संस्थांची. झोटेरोसारख्या, संदर्भ साठवून सूची करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये नावाच्या दोन रकान्यांत ‘महाराष्ट्र’ आणि ‘शासन’ असं भरलं की सूचीत ‘शासन, म.’ नावाचे गृहस्थ अवतरतात. नावाच्या रकान्याशेजारचं बटण दाबून एकच रकाना करा आणि अख्खं नाव त्यात टाका.

मराठी नियतकालिकावर ‘वर्ष ३, अंक ४’ असतं. याचं काय करायचं?

हे ‘वर्ष’ म्हणजे खंड. इसवी सन नव्हे, आणि इंग्रजी नोंदीत त्याचा ‘इयर’ असा अनुवाद करायचा नाही. ३(४) असं लिहा आणि प्रकाशनाचं साल वेगळं द्या. साल मुखपृष्ठावर नसेल तर मलपृष्ठाच्या आत किंवा संपादकीयाखाली सापडतं.

दिवाळी अंकाला बहुधा खंड-अंक नसतोच. तिथे अंकाच्या जागी ‘दिवाळी २०१८’ लिहावं आणि पानं नक्की द्यावीत, कारण जाडजूड दिवाळी अंकात लेख शोधायला अनुक्रमणिका दर वेळी उपयोगी पडत नाही.

वृत्तपत्राच्या बाबतीत तारीख पुरेशी नाही. एकाच दिवशीच्या पुणे, नागपूर आणि मुंबई आवृत्त्यांत पानं वेगळी असतात, बातम्याही. आवृत्तीचं शहर आणि पुरवणी असेल तर तिचं नाव लिहा.

पुस्तकावर ‘पंधरावी आवृत्ती’ छापलं आहे, पण मजकूर तोच आहे. आवृत्ती लिहायची का?

इथे आपल्या प्रकाशनव्यवहाराचा घोळ आहे. मजकुरात शब्दही न बदलता नुसतं पुन्हा छापलं तर ते पुनर्मुद्रण. पण आपल्याकडे त्यालाही सर्रास आवृत्ती म्हणतात. शीर्षकपानाच्या मागचं पान उलटा. तिथे पहिल्या आवृत्तीची तारीख, सुधारित आवृत्त्या आणि पुनर्मुद्रणं यांची यादी असते. ‘सुधारित’, ‘संवर्धित’ किंवा नवी प्रस्तावना असं काही असेल तरच नोंदीत आवृत्तीचा क्रमांक द्या.

वर्ष तुमच्या हातातल्या प्रतीचं. कारण तुम्ही दिलेली पानं त्याच प्रतीची आहेत. १९६०च्या आवृत्तीचं वर्ष आणि २०१०च्या प्रतीचं पान असा संकर केला तर वाचणारा दोन्हीकडून मुकतो. पुनर्मुद्रित पुस्तकाचं मूळ साल एपीएत नोंदीच्या शेवटी कंसात येतं आणि मजकुरात दोन्ही साली तिरप्या रेघेने: (१९६०/२०१०). झोटेरोत यासाठी ‘एक्स्ट्रा’ रकान्यात ‘ओरिजिनल डेट’ इंग्रजीत लिहून, अपूर्णविराम देऊन साल टाकायचं.

जुन्या पुस्तकावर फक्त शके आहे.

शकात ७८ मिळवा. चैत्र ते साधारण पौषापर्यंत हे चालतं. जानेवारी उजाडल्यापासून पुढच्या पाडव्यापर्यंत ७९. महिना दिला नसेल तर ठाम एक साल लिहू नका: शके १८४८ म्हणजे १९२६–२७. मोडी कागदांत शुहूर सन (मराठेशाहीतली एक कालगणना) असतो, त्यात ५९९ किंवा ६००. पानिपताच्या वेळचा शुहूर ११६१ घेऊन ताळा करून पाहा: १७६० अखेर ५९९, जानेवारी १७६१ला ६००. सूचीत मूळ सनही ठेवा. रूपांतरात चूक झाली तर दुसऱ्याला ती पकडता आली पाहिजे.

पेशवे दफ्तरातल्या कागदाचा संदर्भ कसा?

आधी ठरवा की तुम्ही कागद पाहिला की छापील निवड. गो. स. सरदेसाईंनी संपादित केलेले पेशवे दफ्तराचे ४५ खंड १९३० ते १९३४ या काळात निघाले; पत्र त्यात वाचलं असेल तर खंड आणि लेखांक द्या, अभिलेखागाराचं नाव नको. मूळ कागद पाहिला असेल तर अभिलेखागार, दफ्तर, रुमाल (कापडात बांधलेलं कागदांचं गाठोडं) क्रमांक, कागदाचा क्रमांक आणि तारीख, या क्रमाने मोठ्याकडून लहानाकडे जा. ‘रुमाल’चा इंग्रजीत ‘हँकरचीफ’ करू नका. तो शब्द रोमन लिपीत तसाच ठेवावा, कारण पुण्यात जाऊन मागणारा ‘रुमाल’च मागणार आहे.

ज्ञानेश्वरी, गाथा यांना पान द्यायचं की ओवी?

ज्ञानेश्वरीला अध्याय आणि ओवी: १८.१७९४ अशा धर्तीवर. पान प्रत्येक प्रतीत बदलतं. अभंगांच्या बाबतीत मात्र क्रमांकही आवृत्तीगणिक बदलतात, म्हणून तुकोबांच्या गाथेचा नुसता ‘अभंग २५४’ हा निर्देश अपुरा आहे. कोणती गाथा, कोणाची संपादित, हे सूचीत असायलाच हवं. शक्य तर अभंगाचा पहिला चरणही द्या.

शासन निर्णय कसा लिहायचा?

लेखक म्हणजे विभाग: ‘महाराष्ट्र शासन, शालेय शिक्षण व क्रीडा विभाग’. मग वर्ष-दिनांक, निर्णयाचा विषय, आणि ‘शासन निर्णय क्रमांक’पुढचं सगळं, तिरप्या रेघांसकट. संकेतस्थळावरच्या प्रतीला लांबलचक संगणक संकेतांक असतो, तोही टिपून ठेवा: दुवा मोडला तरी त्यावरून निर्णय शोधता येतो. शुद्धिपत्रक निघालं असेल तर त्याची वेगळी नोंद.

प्रबंध?

शोधगंगेवरचा (भारतीय विद्यापीठांतल्या प्रबंधांच्या संकेतस्थळावरचा) दुवा द्या, आणि विद्यापीठाचं नाव शीर्षकपानावर आहे तेच ठेवा. २००५चा प्रबंध ‘पुणे विद्यापीठा’चा आहे, ‘सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ’ हे नाव २०१४चं. औरंगाबादला १९८०मध्ये छापलेलं पुस्तकही छत्रपती संभाजीनगरला छापलेलं ठरत नाही. ज्या शैलीत प्रकाशनस्थळ लागतं तिथे छापलेलं नावच द्यायचं.

इंग्रजी निबंधात मराठी पुस्तकाची नोंद कशी करायची?

एपीएच्या रीतीने: लेखकाचं नाव रोमन लिपीत, वर्ष, मराठी शीर्षक रोमन लिपीत तिरकं, त्याला लागून चौकोनी कंसात शीर्षकाचा इंग्रजी अर्थ सरळ टाइपात, मग प्रकाशक. चौकोनी कंसातला अर्थ तुमचा असतो. पुस्तकाचा इंग्रजी अनुवाद प्रत्यक्ष निघाला आहे असा समज होईल इतका देखणा करू नका. अनुवाद वाचला असेल तर नोंद अनुवादाची, अनुवादकाच्या नावासह.

रोमनीकरणात दोन वाटा आहेत. एक, आयएसओ १५९१९ या आंतरराष्ट्रीय मानकासारखी खुणांची काटेकोर पद्धत. दुसरी, उच्चाराप्रमाणे साधी. आपण ‘ज्ञ’ साठी डी-एन-वाय लिहितो, तर ग्रंथालयांच्या याद्यांत जे आणि डोक्यावर नागमोडी खूण असलेला एन येतो. म्हणून केतकरांचा ज्ञानकोश शोधताना दोन्ही रूपांनी शोधावं लागतं. ‘च’साठी नुसता सी, आणि उच्चारात नसलेला शेवटचा अ लिहायचा की गाळायचा, हेही आधी ठरवा. कोणतीही वाट धरा, पण अख्ख्या निबंधात एकच. अपवाद लेखकाच्या नावाचा: लेखकाने स्वतः इंग्रजीत जे स्पेलिंग वापरलं आहे, ते पद्धतीत बसत नसलं तरी तेच.

मराठी निबंधाची सूची कोणत्या क्रमाने लावायची?

मराठी पत्रिका बहुधा मराठी संदर्भ आधी आणि इंग्रजी नंतर, अशा दोन याद्या मागतात. मराठी यादी संगणकाकडून लावून घेतलीत तर तीन ठिकाणी डोळ्याखालून घाला. अनुस्वार: काही प्रोग्रॅम ‘अंबेकर’ ‘अकोलकर’च्या आधी टाकतात. ‘ॲ’ने सुरू होणारी नावं: यांना काही ठिकाणी थेट यादीच्या तळाशी हाकलतात. आणि क्ष, ज्ञ: वर्णमालेत ती शेवटी म्हणतात, कोशात बऱ्याचदा क आणि ज खाली सापडतात. क्षीरसागर कुठे बसवायचे याचं उत्तर पत्रिकेच्या जुन्या अंकात पाहा.

सूची जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटात टंकित असेल तर आधी रूपांतर करा. नाहीतर संपादकाच्या संगणकावर ती अगम्य इंग्रजी अक्षरांची ओळ दिसते. रूपांतरानंतर रफार, ऱ्य-ऱ्ह आणि अंक हाताने तपासा. बिघाड तिथेच होतो.

तळटीपांत ‘तत्रैव’ वापरावं का?

‘तत्रैव’ म्हणजे ‘आधीच्या तळटीपेतलंच पुस्तक’. पत्रिका आग्रह धरत असेल तरच वापरा, आणि तेही सगळं लेखन संपल्यावर. परीक्षकाच्या सांगण्यावरून मध्ये एक तळटीप घातली की पुढचं ‘तत्रैव’ भलत्याच पुस्तकाकडे बोट दाखवतं. ‘उपरोक्त’चं (‘वर सांगितलेलं पुस्तक’) तर विचारूच नका, वाचणारा वीस पानं मागे जाऊन शोधतो. शिकागोही आता आडनाव आणि छोटं शीर्षक असलेली संक्षिप्त तळटीपच पसंत करते. आमचाही कौल तिलाच.

क्षेत्रकार्यातल्या मुलाखती सूचीत घालायच्या का?

नाही. ज्यांच्या मुलाखती हाच तुमचा अभ्यासाचा डेटा आहे, त्यांची वाक्यं टोपणनावाने किंवा क्रमांकाने येतात. ती संदर्भ नसतात. तज्ज्ञाशी फोनवर झालेलं बोलणं किंवा ईमेल हा ‘वैयक्तिक संपर्क’: मजकुरात नाव आणि तारीख द्या, सूचीत काही नाही, कारण वाचणाऱ्याला तो मिळणार नाही.

मूळ पुस्तक मिळालंच नाही, दुसऱ्याच्या पुस्तकात वाचलं.

मग सूचीत दुसऱ्याचं पुस्तक, आणि मजकुरात मूळ लेखकाचं नाव देऊन ‘… यांनी उद्धृत केल्याप्रमाणे’. न पाहिलेल्या पुस्तकाची नोंद उचलून सूचीत घालू नका. दुसऱ्याची पानाची चूक जशीच्या तशी तुमच्याकडे येते, आणि चोरी त्या चुकीवरूनच उघडी पडते.

डीओआय कसा लिहायचा?

डीओआय म्हणजे लेखाचा कायमचा डिजिटल ओळखक्रमांक. तो लिहायचा पूर्ण दुव्याच्या रूपात, म्हणजे ‘डीओआय डॉट ऑर्ग’ आणि त्यापुढे ‘१०.’ ने सुरू होणारा क्रमांक. आधीचं ‘डीएक्स’ आणि ‘डीओआय:’ हे उपपद आता नको. शेवटी पूर्णविराम देऊ नका, तो दुव्यात मिसळतो. पीडीएफमधून उचलताना ओळ तुटलेल्या जागी मोकळी जागा किंवा जास्तीची जोडरेघ शिरते, म्हणून प्रत्येक दुवा उघडून पाहा. नुसता उघडला म्हणून समाधान नको. तोच लेख उघडला का, ते बघा.

गुगल स्कॉलरमधून नोंद उचलली तर चालेल?

कच्चा माल म्हणून. तिथे डीओआय बहुधा नसतो, अंक गाळलेला असतो, जुन्या लेखांची शीर्षकं सगळी मोठ्या अक्षरांत असतात. एपीएत लेखाच्या शीर्षकातला पहिला शब्द, विशेषनामं आणि अपूर्णविरामानंतरचा शब्द एवढ्यांचंच पहिलं अक्षर मोठं. झोटेरो हा बदल आपोआप करत नाही. शीर्षक साठवतानाच तसं ठेवा.

चॅटबॉटकडून संदर्भ मागू नका. खरा लेखक, खरी पत्रिका आणि अस्तित्वातच नसलेला लेख, असं बेमालूम मिश्रण तो देतो. डीओआयसुद्धा रचून.

साम्य तपासणीत संदर्भसूची धरतात का?

साम्य तपासणी म्हणजे उचलेगिरी पकडण्यासाठी सॉफ्टवेअरने निबंध इतर मजकुराशी ताडून पाहणं. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमांनुसार संदर्भसूची, अनुक्रमणिका, प्रस्तावना, ऋणनिर्देश आणि श्रेय देऊन घेतलेली अवतरणं वगळायची असतात. सलग चौदा शब्दांपर्यंतचे सामान्य शब्दप्रयोगही. दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही. पण सॉफ्टवेअरमध्ये सूची वगळण्याची खूण कोणीतरी करावी लागते. सूचीचं शीर्षक वेगळ्या ओळीवर, एकटं असेल तर सॉफ्टवेअर ती नीट ओळखतं. आणि परिच्छेद जसाच्या तसा उतरवून शेवटी कंसात नाव टाकणं हे अवतरण होत नाही. अवतरणचिन्हं नसतील तर ती उचलेगिरीच.

लेखकाचं नाव लपवून परीक्षण असेल तर स्वतःचे जुने लेख?

‘आम्ही मागे दाखवल्याप्रमाणे’ हे वाक्य काढा आणि स्वतःचा उल्लेख परक्यासारखा, तृतीयपुरुषात करा. पत्रिकेने सांगितलं तरच ‘(लेखक, २०१८)’ असं झाकून ती नोंद सूचीतून काढा. फाइलच्या गुणधर्मांत तुमचं नाव राहतं, तेही पुसा.

पाठवायच्या आदल्या दिवशी काय करावं?

झोटेरो किंवा मेंडेली वापरत असाल तर जोडण्या (प्रोग्रॅमशी बांधलेले निर्देश) असलेली फाइल जपून ठेवा आणि तिच्या प्रतीतल्या जोडण्या तोडा. नाहीतर पत्रिकेच्या यंत्रणेत निर्देशांचा खेळखंडोबा होतो. सूची निवडून वर्डमध्ये कंट्रोल आणि टी दाबा: पहिली ओळ बाहेर, बाकीच्या अर्धा इंच आत. स्पेसबार मारून ओळी आत ढकलू नका.

मग सूची छापा. मजकूर पडद्यावर ठेवून कंस शोधत चला आणि प्रत्येक निर्देशाला कागदावर टिक करा, आडनावाचं स्पेलिंग आणि साल जुळतंय का ते पाहत. टिक न झालेली नोंद एपीए सूचीत राहू शकत नाही. कागदावर न सापडलेला निर्देश म्हणजे नोंद राहिली. चाळीस संदर्भांना तासभर लागतो. जमलं तर मागे घेतलेले लेखही तपासा: अशा लेखांची नोंद ठेवणाऱ्या रिट्रॅक्शन वॉचची माहिती २०२३पासून क्रॉसरेफ या डीओआय देणाऱ्या संस्थेकडे सर्वांना खुली आहे, आणि झोटेरो अशा नोंदीवर लाल खूण दाखवतो.

शेवटी पीडीएफ करून देवनागरी शीर्षकं मोठी करून वाचा. वेलांट्या जागेवर नसतील तर फाँट फाइलमध्ये अंतर्भूत झालेला नाही. पीडीएफ पुन्हा करा.